मंगळवारचं कडवं

“मी मंगळवार म्हटलंच नव्हतं!”

“म्हटलं होतंस. माझ्याकडे लेखी आहे.”

“लेखी म्हणे! लिहिणारेही तुम्हीच आणि साक्षीदारही तुम्हीच.”

तिने खांद्यावरची पर्स अजून काढलेली नव्हती. पायात चपला तशाच. एरवी ऑफिसातून आली की ती आधी चपला काढी, मग पर्स खुंटीला लावी, मग पाणी पिई आणि मगच तोंड उघडी. आज क्रम उलटा झाला होता, म्हणजे प्रकरण साधं नाही, हे सासूबाईंनी ओळखलं आणि त्या खुर्ची ओढून नीट बसल्या.

नवरा टेबलाच्या खणात कागद शोधत होता. तो शोधत असताना बोलत नसे. शेवटी एक गुलाबी कागद त्याने विजयाने वर धरला.

“हे बघ. तारीख घातलेली आहे. ‘मंगळवारी सोडतात म्हणे.’ तुझे शब्द.”

“पुढचं वाचा.”

“पुढचं काय...”

“वाचा ना. आईंनाही ऐकू दे.”

त्याने चष्मा वर केला. “‘मंगळवारी सोडतात म्हणे. कसलं डोंबल सोडतात! मंगळवारी काय आणि बुधवारी काय, पाइप बदलल्याशिवाय त्या गल्लीत पाणी चढायचं नाही.’”

“आणि तुम्ही गायलंत काय?”

तो चष्मा पुसू लागला. पण शेजारच्या घरात कुणीतरी नेमकं तेच लावलं होतं, त्यामुळे त्याच्या वतीने भिंतीपलीकडून त्याचाच आवाज उत्तर देऊ लागला.

*मंगळवारी येईल पाणी शेवटच्या गल्लीच्या दारी,*
*धीर धरा गं बायांनो, येणार आपली बारी...*

ज्या बाईने हे म्हटलं नव्हतं, तिला गावात सगळे खिडकीबाई म्हणत. पाणीपुरवठा ऑफिसात तळमजल्यावर डाव्या हाताला जी तक्रारीची खिडकी आहे, तिच्यामागे ती तेरा वर्षं बसत होती. पाणी आलं नाही तर गुलाबी फॉर्म, गढूळ आलं तर पिवळा, बिलाबद्दल काही असेल तर पांढरा. काचेला खाली अर्धगोल भोक होतं. लोक वाकून त्यातून बोलत, आणि वाकलेला माणूस जरा जास्तच रागावलेला असतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

तिच्या आधी त्या खिडकीत एक गृहस्थ होते. अकरा वर्षं त्यांनी प्रत्येक फॉर्मवर शिक्का मारून एकच वाक्य सांगितलं: “आठ दिवसांत होईल.” आठ दिवसांत काही होत नसे. पण निवृत्तीच्या दिवशी त्यांना निरोप द्यायला लोक हार घेऊन आले होते. इतका गोड माणूस पुन्हा होणे नाही, असं भाषणात तिघांनी सांगितलं. त्या तिघांच्याही घरी तेव्हा पाणी नव्हतं.

तिला हे जमलं नाही. तिच्या वडिलांचा आवडता शब्द होता ‘बघू’. तिने सायकल मागितली तेव्हा ते ‘बघू’ म्हणाले, आणि सहा वर्षं म्हणत राहिले. सहा वर्षं ती रोज शाळेतून येताना अंगणात नजर टाकायची. ‘नाही’ म्हणाले असते तर पहिल्याच दिवशी रडून मोकळी झाले असते आणि चालायची सवय लवकर झाली असती, असं ती अजून म्हणते. ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाचा तिला चोरापेक्षा जास्त राग येतो. चोर निदान एकदाच येतो.

म्हणून खिडकीत बसल्यावर तिने स्वतःची एक पद्धत घातली. रोज सकाळी आठ वाजता ती व्हॉल्व्हवाल्याला फोन करी. “किती फेरे खोललास?” एवढंच विचारी. शेवटच्या गल्लीत पाणी चढायला व्हॉल्व्हच्या चाकाचे बावीस फेरे लागत. पण वळणावरचा पाइप जुना, बावीस फेऱ्यांना तो फुटे, म्हणून व्हॉल्व्हवाला चौदावर थांबे. चौदा फेऱ्यांत पाणी चढाच्या मध्यापर्यंत येई, तिथे दमून थांबे आणि परत फिरे. मग दहा वाजता शेवटच्या गल्लीतलं कुणी खिडकीशी वाकलं, की ती सांगे, “नाही येणार. उद्याही नाही. खालच्या नळावरून भरून ठेवा.”

पहिल्या वर्षी बोंबाबोंब झाली. असं तोंडावर नाही म्हणतात का? एकाने तर तिच्याविरुद्ध तक्रार केली. तक्रार घेणारी खिडकी एकच असल्यामुळे ती तिलाच लिहून घ्यावी लागली. तिने फॉर्म भरला, ‘कर्मचारी उद्धट आहे’ हे त्याने सांगितलं तसं घातलं, शिक्का मारला, पावती दिली आणि म्हणाली, “ह्याचंही काही होणार नाही.”

पण हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की ही बाई नाही म्हणते तेव्हा खरंच येत नाही, आणि क्वचित कधी हो म्हणते तेव्हा येतं. शब्दाला वजन आलं. ‘खिडकीबाई नाही म्हणाल्या’ म्हटलं की पुढे कुणी वाद घालत नसे. बायका त्या हिशोबाने कपडे भिजत घालत. शेवटच्या गल्लीत एक पाळणाघर होतं, चौदा मुलं आणि तीन ड्रम. पाळणाघरवाली दर सोमवारी दुपारी खिडकीशी येई. फॉर्म घेत नसे, वाकतही नसे. काचेपलीकडून नुसत्या भुवया उंचावी. ही नाही म्हणून मान हलवी. ती जाऊन तिन्ही ड्रम भरून ठेवी. तेरा वर्षांत त्या दोघींमध्ये मिळून शंभर वाक्यं झाली नसतील, पण खिडकीबाईला विचारलं असतं की तुमची मैत्रीण कोण, तर तिने तिचंच नाव घेतलं असतं.

नवरा शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. शाळेने प्रयोगशाळा बंद करून तिथे सभागृह केलं, तेव्हा तो लवकर निवृत्ती घेऊन घरी बसला. आवाज चांगला होता, तो लग्नाआधीपासून. तेव्हा तो डोंगर, नदी, पाखरं वगैरेंवर गाणी रचायचा आणि पाखरं सोडून कुणी ती ऐकत नसे. गिटार जुनी घेतलेली. तिची सहावी तार तुटली ती त्याने परत बसवलीच नाही. जगाचं दुःख पाच तारांत मावतं, असं तो म्हणे.

मग दिवस फिरले. दोन कारखाने लागोपाठ बंद पडले. माणसं कामावरून घरी आली ती घरीच राहिली. दुकानांची शटरं दुपारीही खाली दिसू लागली. ह्यावर कुणीतरी गायला पाहिजे, असं त्याला फार वाटू लागलं. फक्त काय गायचं ते सुचेना, कारण तो दिवसभर घरात असे आणि घरात कारखाना बंद पडलेला दिसत नव्हता.

ती मात्र रोज साडेसहाला घरी येई आणि भाजी चिरता चिरता दिवसभराचं सगळं ओकून टाकी. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या नळाला लाल पाणी आलं, कोण काय म्हणालं, त्यावर हिने काय म्हटलं. तेरा वर्षं हे ती भिंतीला सांगत आली होती. एक दिवस तिच्या लक्षात आलं, की नवरा टेबलाच्या टोकाला बसून ऐकतोय. नुसतं ऐकत नाही, मधूनच म्हणतो, “परत सांग बरं, काय म्हणाली ती?”

खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, माणूस वळणावर आला. ती चार दिवस जरा रंगवूनच सांगू लागली. पाचव्या दिवशी तिला दिसलं, की टेबलाखाली त्याच्या मांडीवर गुलाबी फॉर्मांची चळत आहे. तिनेच रद्द फॉर्म घरी आणले होते, मागची कोरी बाजू वाणसामानाच्या यादीला होईल म्हणून. त्या कोऱ्या बाजूंवर तो तिची वाक्यं उतरवून घेत होता.

“हे काय चाललंय?”

“जनतेचा आवाज,” तो म्हणाला.

“जनता भाजी चिरतेय. जरा कोथिंबीर निवडून द्या.”

त्यातून अल्बम झाला. नाव ‘उजाडणारच’. आठ गाणी. प्रत्येक गाण्याची घडण एकच: दुःखाला दोन कडवी, आशेला एक, पण शेवटचं आशेचं. पहिल्या दोन कडव्यांत तिची वाक्यं जशीच्या तशी, शिव्या तेवढ्या काढून. तिसऱ्या कडव्यात तीच वाक्यं, पण ‘नाही’ काढून. “लोकांना अंधारात सोडून गाणं संपवता येत नाही,” तो म्हणे. तिला ते तेव्हा पटलंही होतं. गाणंच आहे, कुठे पावती द्यायचीय.

ध्वनिमुद्रण आतल्या खोलीत झालं. दाराला गादी लावली, खिडकीला रजई, पंखा बंद, कुकर बंद, नळ बंद. तीन रविवार घरातल्या कुणी तोंडातून शब्द काढायचा नव्हता, कारण आत मुक्यांना वाचा देण्याचं काम चाललं होतं. पाचव्या गाण्यात सासूबाईंना खोकला आवरला नाही. तो तसाच ठेवला. जिवंतपणा येतो म्हणाला. तेव्हापासून सासूबाई अल्बमचा उल्लेख ‘आमचा अल्बम’ असा करू लागल्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने गाणी मोबाइलवरून जगाच्या स्वाधीन केली आणि रोज संध्याकाळी आकडा सांगू लागली.

सात गाणी बेताची चालली. चौथं, ‘शेवटची गल्ली’, सुसाट सुटलं. रिक्षात वाजू लागलं, केशकर्तनालयात वाजू लागलं. एका कामावरून काढलेल्या माणसाने पत्र पाठवलं, की तुमचं गाणं ऐकून चार महिन्यांनी दाढी केली. नवऱ्याने ते पत्र आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आणि खिडकीबाईनेही ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचे डोळे भरून आले होते. हे तिने कुणाला सांगितलं नाही, नाहीतर त्याचंही गाणं झालं असतं.

मग गाणं ऑफिसात पोचलं. मोठ्या साहेबांना ते फारच आवडलं. एरवी लोक पाण्यावर गातात ते साहेबांचा उद्धार करायला, हे गाणं धीर धरा म्हणत होतं. त्यांनी हुकूम काढला. ऑफिसच्या फोनवर माणसाला ताटकळत ठेवलं की हेच वाजायचं. तळमजल्यावरच्या दालनातही एक स्पीकर बसवला. तो बसवायला खिळा नेमका तक्रार खिडकीच्या डोक्यावर सापडला. साहेब स्वतः खाली आले आणि म्हणाले, “बाई, तुमच्या मिस्टरांनी आमचं काम किती सोपं केलं! तुम्हीही आता जरा त्याच सुरात बोला की.”

त्या दिवसापासून ती खाली बसून “नाही येणार” म्हणे आणि वरून तिचा नवरा “येईल” म्हणे. लोक एकदा वर बघत, एकदा खाली. एक म्हातारा काठी टेकत वाकला आणि म्हणाला, “बाई, आधी घरात दोघं मिळून ठरवा काय ते, मग आम्हाला सांगा.” रांग खो खो हसली. तीही हसली. न हसून सांगते कुणाला?

हसू गेलं ते या आठवड्यात. सोमवारी दुपारी पाळणाघरवाली आली नाही. असेल काही काम, म्हणून हिने दुर्लक्ष केलं. मंगळवारीही आली नाही. बुधवारी, म्हणजे आज, आली. आज तिने भुवया उंचावल्या नाहीत. ती वाकली, अर्धगोल भोकातून बोलली. तेरा वर्षांत पहिल्यांदाच.

“सोमवारी ड्रम नाही भरले,” ती म्हणाली. “म्हटलं, मंगळवारी येणारच आहे.”

“कोण म्हणालं?”

पाळणाघरवालीने नुसतं बोट वर केलं. स्पीकरकडे.

“अहो, ते गाणं आहे!”

“गाणं आहे, पण तुमच्या घरचं आहे ना? मला वाटलं, तुम्हाला खिडकीत उघड सांगता येत नसेल, म्हणून मिस्टरांकरवी सांगितलंत. वारासकट.”

मंगळवारी नळाला सूं सूं वारा आला. अकरा वाजेपर्यंत प्यायचं पाणीसुद्धा मुलांच्या ढुंगणांना संपलं. बाराला तिने फोन करून आयांना कामावरून बोलावून घेतलं. दोघींनी मुलं कायमची काढून नेली. ती हे सगळं रडत सांगत नव्हती. बिल वाचावं तसं सांगत होती. खिडकीबाई म्हणाली, “ह्या आठवड्यात नाहीच येणार हो. आजच भरून ठेवा.” तर ती सरळ उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बघू. आणखी कुणाला तरी विचारते.”

बघू.

ते ऐकून खिडकीबाई घरी आली होती, ती चपलांसकट.

“मंगळवारच कशाला घातलात?” ती आता विचारत होती. “घालायचाच होता तर नुसतं ‘येईल’ म्हणायचं. ‘एक दिवस येईल.’ सगळे कवी ‘एक दिवस’च म्हणतात. ‘एक दिवसा’वर भरवसा ठेवून कुणी ड्रम रिकामे ठेवत नाही.”

“मात्रा,” नवरा म्हणाला. “तिथे आठ मात्रा हव्या होत्या. सोमवारी, सात. बुधवारी, सहा. गुरुवारी, सहा. आठ मात्रांचा वार आठवड्यात एकच आहे, त्याला मी काय करू?”

“आणि बावीस फेऱ्यांचा व्हॉल्व्ह आठवड्यात एकदाही नाही, त्याला मी काय करू?”

“अगं, गाण्यातला मंगळवार म्हणजे खरा मंगळवार नसतो. ते प्रतीक असतं.”

“तीन ड्रममध्ये प्रतीक किती लिटर मावतं?”

मुलगी मध्ये पडली. “आई, अकरा हजार लोकांनी ऐकलंय ते.”

“त्यातले शेवटच्या गल्लीतले किती?”

“ते नाही कळत त्यात.”

“मला कळतं. सत्तावीस घरं आणि एक पाळणाघर.”

“माझा खोकला पाचव्यात आहे,” सासूबाई म्हणाल्या. “चौथ्यात माझं काही नाही, आधीच सांगून ठेवते.”

नवऱ्याने कागद टेबलावर ठेवला. त्याचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की तो जास्त चांगला वाटे, हे त्यालाही ठाऊक होतं. “हे बघ, त्या बाईचं वाईट झालं. मला वाईट वाटतंय. पण त्या दाढीवाल्याचं बघ. माणसं खचलीत. त्यांच्या हातातली आशा मी कशी काढून घेऊ?”

“काढून घेऊ नका. उद्या सकाळी फक्त शेवटच्या गल्लीत जा, पाळणाघराचं दार वाजवा आणि तिला सांगा, की मंगळवार माझा होता, माझ्या बायकोचा नव्हता.”

“मी जाऊन सांगू? आणि पाणी कधी येणार विचारलं तर?”

“नाही म्हणा. चार मात्रा आहेत.”

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत त्याने बराच वेळ विचार केला. खरंच केला, ती बघत होती. क्षणभर तिला वाटलं, जाईल.

“ते माझं काम नव्हे गं,” तो म्हणाला. “मी गाणारा माणूस. मी दारात जाऊन नाही म्हटलं, तर मग त्या गाण्याला अर्थ काय राहिला? पण एक करतो. दुसऱ्या अल्बमची जुळवाजुळव चाललीच आहे. त्यावर तुझं नाव घालतो. ‘प्रेरणा’ म्हणून. मोठ्या अक्षरांत.”

आणि सवयीने त्याचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. “तू मघाशी ते छान म्हणालीस. ‘तीन ड्रममध्ये प्रतीक किती लिटर मावतं.’ म्हणजे, प्रतीक काढावं लागेल...”

तिने चपला काढल्या. पर्स खुंटीला लावली. माठातलं पाणी ओतून घेतलं आणि उभ्यानेच प्यायली. मग टेबलाशी येऊन तिने खण उघडला, गुलाबी फॉर्मांची चळत बाहेर काढली, कडा ठोकून सारखी केली, रबर लावलं आणि पर्समध्ये घातली. मग जाऊन भाजीची परडी आणि विळी घेऊन बसली. तिघंही वाट बघत राहिले. आता ती बोलणार, हे तेरा वर्षांच्या सवयीने सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याने खिशात कागद चाचपला, तेव्हा त्याला वाणसामानाची यादी सापडली. तीही त्याने उलटी केली.

तिने अर्धी भाजी चिरली. कुणाची नोकरी गेली, कुणाकडे लाल पाणी आलं, काही नाही. नुसता विळीचा आवाज.

“आई, काहीतरी बोल ना,” मुलगी म्हणाली.

“ऐका सगळ्यांनी,” खिडकीबाई म्हणाली. खिडकीत बोलते त्याच आवाजात, मान वर न करता. “आजपासून मी ह्या घरात तक्रार करणार नाही. कुणाचीच नाही, कशाचीच नाही. घरात मी हो, नाही आणि जेवायला बसा, एवढंच बोलेन. आणि दर सोमवारी सकाळी साडेसहाला मी शेवटच्या गल्लीत जाणार आहे, सत्तावीस घरांत आणि पाळणाघरात, पाणी नाही म्हणून सांगायला. त्या दिवशीचा चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा.”